चौदाव्या पानावरची पेन्सिलीची खूण

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

तुमच्याकडून वही घेऊन घरी आलो त्याला आज आठ दिवस झाले. रोज एकदा चौदावं पान उघडून बघतो. आज न राहवून लिहायला बसलो.

माझी उभी हयात तारखात्यात गेली. कडकट्ट अजून कानात आहे. १४ जुलै २०१३ च्या रात्री देशातली तारसेवा बंद झाली, पण निरोपाचा विचार काही डोक्यातून गेला नाही. २०२२ मध्ये आस्पे, क्लाउझर आणि त्सायलिंगर यांना एन्टँगलमेंटवरच्या, म्हणजे दोन कणांच्या गुंत्यावरच्या, प्रयोगांसाठी नोबेल मिळालं तेव्हा वाटलं, हीच पुढची तार! गुंतलेल्या दोन फोटॉनांपैकी, म्हणजे प्रकाशाच्या कणांपैकी, एक सांगलीत, दुसरा नागपुरात. इथे मोजलं की तिथलं उत्तर त्याच क्षणी ठरतं. मग प्रकाशाआधी निरोप का पोचू नये? दीड वर्ष खपून वही भरली.

ती घेऊन किती उंबरे झिजवले! एका प्राध्यापकांनी पहिलं पानसुद्धा न उलटता ‘आइनस्टाइनला खोटं पाडताय का?’ म्हणून वही परत सरकवली. एका व्याख्यानात प्रश्न विचारला तर वक्ते हसले आणि मग सगळं सभागृह हसलं. माझं चुकतंय हे त्यांना ठाऊक असेल. कुठे चुकतंय हे मात्र एकानेही सांगितलं नाही.

तुम्ही वही आठवडाभर ठेवून घेतलीत. मी आलो तेव्हा दोन कागद तयार होते. ‘नागपूर’ लिहिलेल्या कागदावर शून्य-एकची रांग. म्हणालात, ‘सांगलीच्या माणसाने फोटॉन मोजताना पोलरॉइडची काच कुठे सरळ धरली, कुठे तिरकी, ते यातून ओळखा.’ अर्धा तास डोकं घातलं. काही म्हणता काही दिसेना. निम्मे शून्य, निम्मे एक, सगळीकडे सारखंच. मग तुम्ही शेजारी ‘सांगली’चा कागद ठेवलात. सरळच्या जागी आकडे जुळत होते, तिरक्याच्या जागी जुळणी विस्कटली होती. ‘पण हा कागद नागपूरला कसा पोचवणार? फोननेच ना?’ एवढंच बोललात, आणि मला लख्ख कळलं. पलीकडे खटखट होतेय, पण ती कोणी दाबलेली नाही. कळ माझ्या हातात नसेल तर तो निरोप कसला?

यावर तोडगा म्हणून चौदाव्या पानावर मी लिहिलं होतं, नागपुरातल्या फोटॉनच्या लेसरने पुष्कळ प्रती काढायच्या आणि त्या मोजायच्या, म्हणजे सांगलीत काच सरळ होती की तिरकी ते तिथेच कळेल. त्या ओळीपाशी तुमची बारीक खूण: ‘इथपर्यंत विचार बरोबर. इथे अडतं.’ तीही पेन्सिलीने. वही परत देताना खोडरबर वर ठेवलंत नि म्हणालात, ‘पटलं नाही तर खुशाल खोडा.’ सर, त्या खोडरबराने डोळ्यांत पाणी आलं. माझ्या विचाराचा एवढा मान कोणी ठेवला नव्हता.

मग निक हर्बर्टची हकिगत सांगितलीत. भौतिकशास्त्रात मुरलेल्या त्या माणसानेही हीच लेसरची युक्ती लेखात मांडली होती. एक परीक्षक गिरार्दी यांनी प्रत का निघू शकत नाही ते दाखवून लेख नाकारा म्हटलं. दुसरे परीक्षक अ‍ॅशर पेरेस. त्यांनाही लेख चूक आहे हे माहीत होतं, तरी त्यांनी छापा म्हणून कळवलं, कारण ही चूक शोधताना लोकांच्या हाती काही लागेल. लागलंही. १९८२ मध्ये वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी, अनोळखी क्वांटम अवस्थेची (अशा कणाच्या स्थितीची) हुबेहूब प्रत काढता येत नाही हे सिद्ध करून छापलं. दुसऱ्याची चूक इतक्या आदराने वाचणारी माणसं आहेत म्हणून ज्ञान पुढे सरकतं, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही त्यांतलेच.

खूण मी खोडलेली नाही. पंधराव्या पानापासून नव्याने लिहायला घेतलंय. तुम्ही दिलेल्या कात्रणात १९९३ च्या क्वांटम टेलिपोर्टेशनचं, म्हणजे एका कणाची अवस्था दूरच्या कणावर उतरवण्याचं, वाचलं. ते मांडणाऱ्या सहा जणांत पेरेस आहेत, वूटर्सही आहेत! आणि तिथेही एका क्यूबिटमागे (अशा एका कणातल्या माहितीमागे) दोन बिटांचा, म्हणजे दोन शून्य-एकांचा, निरोप साध्या वाटेनेच धाडावा लागतो. म्हणजे तार अजून लागतेच, सर. हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू!

ते दोन बिट नेमके काय काम करतात, तिथे माझं अडलंय. शनिवारी चारच्या सुमारास वही घेऊन येऊ का?

आपला कृतज्ञ,
एक जुना तारमास्तर