हिंगोलीच्या मुलांना लायगोच्या कुंपणाबाहेर ठेवू नका

प्रति,
मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय: महाविद्यालयांतील संगणक रिकाम्या वेळेत वैज्ञानिक संशोधनासाठी वापरू देण्याबाबत शासन निर्णय काढावा.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशात उठणाऱ्या अतिसूक्ष्म तरंगांची, वेधशाळा होते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा आणि त्यांतून धावणारा लेसर, एवढं आता शाळेतल्या मुलांनाही पाठ झालं आहे. मी याच जिल्ह्यात भौतिकशास्त्र शिकवतो. मुलं विचारतात, "सर, एवढं मोठं काम आपल्याकडं होतंय, त्यात आपल्याला काय करता येईल?" आजवर त्यांना दोनच उत्तरं मिळत आली आहेत. एक तर तिथे सुरक्षारक्षक किंवा चालक म्हणून लागा, नाही तर दहा-बारा वर्षं शिकून पीएच.डी. होऊन या. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीला आज, याच सत्रात, करण्यासारखं काही आहे का? आहे, आणि ते आपल्या विभागाच्या एका कागदावर अडलं आहे, म्हणून हे पत्र.

दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळतात तेव्हा उठणारी लहर क्षणभरात संपते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोने टिपलेली पहिली लहर तशी होती. अशा लहरी गोंगाटातून वेगळ्या काढण्याच्या गणितात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रातले डॉ. संजीव धुरंधर यांचं काम पायाभूत आहे. पण आणखी एक प्रकारची लहर असायला हवी, असं सिद्धान्त सांगतो. स्वतःभोवती वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठ्या ताऱ्याचा मागे उरलेला अतिशय दाट गाभा, जरासाही ओबडधोबड असेल, तर तो अखंड, एकसुरी आणि अतिशय क्षीण लहर सोडत राहील. ती अजून कुणालाच सापडलेली नाही.

ती शोधणं अवघड का, हे मी वर्गात रेल्वेच्या हॉर्नवरून समजावतो. गाडी जवळ येताना हॉर्नचा सूर चढतो, लांब जाताना उतरतो. पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरते, त्यामुळे ताऱ्याकडून येणारा एकच सूर आपल्यापर्यंत सतत वरखाली होत पोहोचतो. हा फरक आकाशाच्या प्रत्येक ठिपक्यासाठी वेगळा. तारा नेमका कुठे आहे, किती वेगाने फिरतो, त्याचा वेग किती मंदावतो आहे, यातलं काहीच आधी माहीत नसतं. मग प्रत्येक दिशा, प्रत्येक वारंवारता धरून महिनोन्‌महिन्यांचा डेटा पुन्हा पुन्हा चाळायचा. डेटा हातात असूनही पूर्ण शोध घेता येत नाही, कारण तेवढी संगणकशक्तीच कुणाकडे नाही.

म्हणून १९ फेब्रुवारी २००५ रोजी लोकांच्या संगणकांची मदत घेणारा 'आइन्स्टाइन ॲट होम' हा प्रकल्प सुरू झाला. जर्मनीतल्या हॅनोव्हरची माक्स प्लांक संस्था आणि अमेरिकेतलं विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठ तो चालवतात. आपण संगणकावर बॉइंक नावाचा मुक्तस्रोत प्रोग्रॅम बसवायचा. तो कामाचा एक तुकडा उतरवून घेतो, मशीन रिकामं असेल तेव्हा गणित करतो आणि उत्तर परत पाठवतो. तोच तुकडा दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवरही जातो आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच धरली जातात. त्यामुळे शास्त्रज्ञांना अनोळखी माणसाच्या मशीनवर डोळे झाकून विश्वास ठेवावा लागत नाही.

हा नुसता देखावा नाही. याच प्रकल्पात अरेसिबो या रेडिओ दुर्बिणीचा डेटाही तपासला जात होता. त्यात ऑगस्ट २०१० मध्ये एक नवा पल्सार, म्हणजे रेडिओ लहरींचे ठोके देणारा न्यूट्रॉन तारा, जाहीर झाला, सेकंदाला सुमारे ४१ वेळा फिरणारा. तो ज्यांच्या मशीनवर सापडला ते होते अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं एक दांपत्य आणि जर्मनीतला एक नागरिक. तिघांपैकी कुणीही खगोलशास्त्रज्ञ नव्हतं, पण शोधनिबंधात त्यांच्या नावाने श्रेय आहे. सेनगाव किंवा वसमतच्या एखाद्या मुलीचं नाव तसं छापून यावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

आणि हे फक्त आकाशापुरतं नाही. देशातली क्षयरोगाची स्थिती आपणास ठाऊक आहे. जगातले सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. त्या जंतूच्या पेशीभित्तिकेतल्या मेदाम्लांचा अभ्यास इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठाने 'वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड' या अशाच जाळ्यामार्फत लोकांच्या मशीनवर केला. मार्च २०२० मध्ये करोना पसरू लागला तेव्हा प्रथिनांच्या घड्यांचं गणित करणाऱ्या 'फोल्डिंग ॲट होम' या प्रकल्पात लोक एवढ्या संख्येने आले, की त्या जाळ्याची एकत्रित ताकद एक्झाफ्लॉपच्या, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्यं एवढ्या गणितांच्या, पलीकडे गेली. पहिला अधिकृत एक्झास्केल महासंगणक अमेरिकेत २०२२ मध्ये आला. सामान्य माणसांनी हे काम त्याच्या दोन वर्षं आधी, घरबसल्या केलं होतं. पुढे साथ ओसरली तशी बरीच माणसं निघूनही गेली. लोकांची तयारी असते हे त्या वर्षाने दाखवलं, पण ती टिकायला मागे एखादी संस्था लागते, आणि महाविद्यालयाइतकी सोयीची दुसरी संस्था मला दिसत नाही.

महासंगणक असताना याची गरज काय, असं आपले सल्लागार विचारतील. ज्या राज्यातल्या पुण्यात परम हा महासंगणक जन्मला, त्या राज्याला महासंगणकाचं मोल सांगायला नको. सप्टेंबर २०२४ मध्ये खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी परम रुद्रही मिळाला. पण महासंगणकावर रांग असते, आणि एकमेकांशी सतत बोलणारी, गुंतागुंतीची गणितं तिथेच व्हायला हवीत. ज्या कामाचे सुटे तुकडे पडतात, ते साध्या डेस्कटॉपवर उत्तम होतं.

असे डेस्कटॉप आपल्या अखत्यारीतल्या प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात, तंत्रनिकेतनात, बी.सी.एस.च्या प्रत्येक लॅबमध्ये आहेत. प्रॅक्टिकलच्या दोन बॅचच्या मधे ते चालूच असतात आणि काही करत नसतात. मग अडतं कुठे? मी एका महाविद्यालयात ही परवानगी मागितली होती. प्राचार्यांना कल्पना आवडली, पण ते म्हणाले, "डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे कॉलेजच्या वस्तूंच्या नोंदवहीत, हे मशीन अध्यापनासाठी म्हणून चढलंय. उद्या ऑडिटमध्ये शेरा आला तर उत्तर कोण देणार?" मी त्यांना दोष देत नाही. शासनाच्या पैशाने घेतलेल्या वस्तूबद्दल इतकं जागरूक असायलाच हवं. शिवाय लॅबच्या मशीनवर कुणी गुपचूप क्रिप्टोचं मायनिंग करील, म्हणजे स्वतःसाठी आभासी चलन कमावील, ही भीतीही खोटी नाही.

म्हणूनच मला सक्तीचं परिपत्रक नको आहे. सगळ्या महाविद्यालयांना 'सहभागी व्हा' असा आदेश गेला की अहवाल भरले जातील आणि काम होणार नाही, हे आपण अनेक योजनांत पाहिलं आहे. हवी आहे ती स्पष्ट परवानगी. मान्यताप्राप्त वैज्ञानिक प्रकल्पांची यादी विभागाने आयुका आणि परम घडवणाऱ्या सी-डॅकच्या सल्ल्याने करावी. त्या यादीतल्या प्रकल्पासाठी, प्राचार्यांच्या लेखी संमतीने आणि लॅबप्रमुखाच्या देखरेखीखाली, रिकाम्या वेळेतला वापर हा शैक्षणिक वापरच समजावा, एवढं एक वाक्य शासन निर्णयात असलं तर लेखापरीक्षकाचा प्रश्नच उरत नाही. यादीबाहेरचं काही चालवलं तर कारवाई व्हावी, हेही त्यातच लिहावं.

विजेचं मात्र लपवून चालणार नाही. डेस्कटॉप पूर्ण ताकदीने चालला की रिकामा असतानापेक्षा साधारण ५० ते १०० वॉट जास्त ओढतो. चाळीस मशीनची लॅब रोज पाच तास चालवली तर दहा ते वीस युनिट होतात. अनुदानावर चालणाऱ्या कॉलेजला हे बिल जाणवेल. म्हणून सुरुवात जिथे छतावर सौर पॅनल आहेत तिथे, आणि फक्त दिवसा करावी. अगदी जुनी मशीन यात घेऊच नयेत. ती वीज जास्त खातात आणि काम थोडं करतात. वीज गेली तर काय, असं मराठवाड्यात कुणीही विचारील. गणित अधूनमधून डिस्कवर जपून ठेवलं जातं, लाइट आली की जवळपास तिथूनच पुढे सुरू होतं. प्रोसेसरचा किती भाग द्यायचा, कुठल्या वेळेत द्यायचा, हेही आपल्याला ठरवता येतं.

माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची गोष्ट मात्र वेगळी आहे. मशीन आपोआप गणित करत राहिलं आणि मुलांना त्यातलं काही कळलं नाही, तर विज्ञानाला फायदा होईल, आमच्या मुलांना होणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपण पदवीला फील्ड प्रोजेक्ट आणला आहे. त्यात हे बसवावं. आपल्या लॅबने कोणते तुकडे सोडवले, किती उत्तरं जुळली, किती वीज लागली, त्या डेटामागचं भौतिकशास्त्र काय, हे विद्यार्थ्याने मराठीत लिहून गावातल्या शाळेत जाऊन सांगावं. आज फील्ड प्रोजेक्टच्या नावाखाली इंटरनेटवरून उतरवलेले अहवाल आमच्याकडे येतात. त्यापेक्षा हे काम कितीतरी खरं असेल.

सुरुवातीला सबंध राज्य घेऊ नये. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात हिंगोली, परभणी, नांदेड आणि लातूर हे चार जिल्हे येतात. तिथली तयार असतील तेवढीच महाविद्यालयं एका वर्षासाठी घ्यावीत आणि वर्षअखेरीला वीज, देखभाल व विद्यार्थ्यांचं काम यांचा हिशेब जाहीर करावा. तो तोट्याचा निघाला तर योजना बंद करावी, मी तक्रार करणार नाही. नवं शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होतं. त्याआधी निर्णय निघाला तर पहिल्या सत्रापासून लॅब लावता येतील. प्रकल्पांची प्राथमिक यादी, सेटिंगची मराठी टिपणं आणि विद्यार्थ्यांच्या नोंदवहीचा नमुना आम्ही काही शिक्षक मिळून विभागाकडे विनामूल्य द्यायला तयार आहोत.

आपला विश्वासू,
हिंगोली जिल्ह्यातील भौतिकशास्त्राचा एक शिक्षक