सूज मारायची नसते, पुरी होऊ द्यायची असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन महिन्यांपूर्वी माझा भाचा तालमीतून लंगडत घरी आला. सरावात समोरच्यानं ढाक लावली, हा पडला आणि डावा घोटा आत वळला. हाड मोडलेलं नाही हे एक्स-रेत दिसलं, पण घोटा टम्म फुगलेला, हात लावला तर गरम, वरची कातडी तकतकीत. खिशात कात्रीनं कापलेल्या पट्टीतल्या चार गोळ्या होत्या. औषधाचं नाव कापताना निघून गेलेलं, बिल नाही. मेडिकलमध्ये "सुजेवर काहीतरी द्या" म्हटल्यावर मिळालेल्या. मला म्हणाला, "आत्या, ह्या घेतल्या की दोन दिवसांत सूज मरतीया. परवा परत मातीत उतरायचं हाय."

"सूज मरतीया" हे ऐकलं आणि मला आई आठवली. तिच्याबद्दल पुढं लिहितेच.

मी तीसेक वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं. सुजेची चार लक्षणं मुलांकडून पाठ करून घेतली: लाली, सूज, उष्णता, वेदना. रोमन लेखक सेल्ससनं ती जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहेत. पण चढलेली सूज उतरते कशी, हे मी एकाही वर्गाला सांगितलं नाही. मलाही वाटायचं, शत्रू संपला की लढाई आपोआप थांबते, पाण्यावरची लाट विरते तशी. हे चूक आहे आणि ती चूक मला या पत्रातून दुरुस्त करायची आहे.

2019 च्या महापुरात माझ्या बहिणीच्या घरात पंचगंगेचं पाणी छातीएवढं होतं. पाणी नदीनं नेलं. गाळ मात्र आम्ही माणसांनी आठ दिवस पाट्या भरभरून उपसला. ज्या खोलीतला गाळ उशिरा निघाला, तिथली भिंत अजून ओल धरते. शरीराचंही असंच आहे. सूज चढवणारी यंत्रणा वेगळी आणि गाळ उपसणारी वेगळी, आणि दुसरीला स्वतःचे निरोप लागतात, स्वतःची माणसं लागतात.

मार लागला की पहिल्यांदा धावतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. अस्थिमज्जा त्या रोज सुमारे दहा हजार कोटी तयार करते, आणि त्या जगतात थोडा काळच. जंतू असोत की फाटलेले तंतू, त्या त्यांच्यावर तिखट रसायनं ओततात, त्यात आपलीही थोडी मोडतोड होते. त्यांना बोलावण्याचं आणि त्यांच्यासाठी रक्तवाहिन्या मोकळ्या करण्याचं काम ल्युकोट्राइन आणि प्रोस्टाग्लँडिन ही तेलकट द्रव्यं करतात. मग काही तासांत एक बदल होतो. त्याच जागी, त्याच पेशी वेगळी द्रव्यं बनवू लागतात. त्यातलं लिपॉक्सिन हे 1984 साली चार्ल्स सेरहान आणि बेंग्ट सॅम्युएल्सन यांनी शोधलं. पुढे बोस्टनमध्ये सेरहान यांच्या प्रयोगशाळेत रिझॉल्व्हिन सापडली, ती ओमेगा-3 या स्निग्ध आम्लांपासून शरीरातच बनतात. यांचा निरोप एकच: नवे न्यूट्रोफिल आता नकोत, आलेल्यांनी शांतपणे मरावं, आणि मॅक्रोफेज या मोठ्या पेशींनी मेलेल्यांना गिळून जागा साफ करावी. गिळता गिळता मॅक्रोफेजचाही स्वभाव पालटतो. लढणारी पेशी दुरुस्ती करणारी होते.

हे डोळ्यांनी पाहता येतं. भाच्याला मी रोज संध्याकाळी पाय पाटावर ठेवायला लावला. पहिले तीन दिवस घोट्याखाली काळंजांभळं. सहाव्या दिवशी कडेनं हिरवट. मग हळदीसारखं पिवळं, आणि बाराव्या-तेराव्या दिवशी नुसता मातकट डाग. मॅक्रोफेज सांडलेलं रक्त गिळून त्यातल्या लाल रंगद्रव्याचे तुकडे करतात, आधी हिरवं बिलिव्हर्डिन, मग पिवळं बिलिरुबिन. कावीळ झाल्यावर डोळ्यांत दिसतं तेच हे पिवळं. म्हणजे घोट्यावर जे रंग बदलत होते ते गाळ उपसण्याचं काम होतं. फिजिओथेरपिस्टनं त्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाऊल हळूहळू हलवायला लावलं, तेही याचसाठी. हालचालीनं लसिका वाहते आणि साचलेलं पाणी निघून जातं. पाचव्या आठवड्यात तो मातीत उतरला. वस्तादांनी समजून घेतलं, त्यांचे मनापासून आभार.

त्या चार गोळ्या मी घेऊ दिल्या नाहीत. दुखणं असह्य असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी जरूर घ्यावी, माणसानं रात्रभर कण्हत बसावं असं मी म्हणत नाही. पण 2022 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी कंबरदुखीच्या रुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा ज्यांचं दुखणं तीन महिन्यांत गेलं त्यांच्यात सुरुवातीला न्यूट्रोफिलची हालचाल जोरात झालेली दिसली. उंदरांना सुरुवातीलाच डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड किंवा डायक्लोफिनॅक हे सूज कमी करणारं वेदनाशामक दिलं तर दुखणं आधी कमी झालं, पण नंतर जास्त दिवस रेंगाळलं. नुसती वेदना बधिर करणाऱ्या लिडोकेननं तसं झालं नाही. उंदरांवरची गोष्ट माणसाला जशीच्या तशी लावू नये. तरी दोन दिवसांत सूज मारण्याची एवढी घाई कशासाठी, हा प्रश्न त्यातून नक्की उभा राहतो. शिवाय डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या जे प्रोस्टाग्लँडिन थांबवतात तेच मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा आणि जठराचं अस्तर सांभाळत असतं. घामानं निथळलेल्या पोरानं, पाणी कमी प्यायलेलं असताना, तालमीतून आल्या आल्या अशी गोळी घेणं धोक्याचं आहे.

आता आईबद्दल. साठीनंतर तिचे गुडघे धरले. तालुक्याच्या बाजारात एक जण कागदाच्या पुड्या द्यायचा. आठवड्यात आई जिना चढायला लागली, म्हणून घरात सगळे खूश होतो. पुडीत काय आहे हे कुणी विचारलं नाही, मीही नाही, आणि मी शास्त्राची बाई. वर्षभरात तिचा चेहरा गोल झाला, बांगडी घासली तरी मनगट काळंनिळं व्हायचं, शुगर वाढली. सीपीआर रुग्णालयात दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी पुडी बघून सांगितलं की हे बहुधा स्टेरॉइड आणि वेदनाशामक एकत्र कुटलेलं आहे. तोवर मूत्रपिंडं गेली होती. शेवटची दोन वर्षं डायलिसिसवर काढली तिनं.

पण आईच्या शरीरात आणखी एक सूज होती आणि ती आम्हाला कुणालाच दिसली नाही. आई मिश्री लावायची. सकाळी, जेवणानंतर, झोपताना. डाव्या तळहातावर चिमूट आणि उजव्या हाताचं बोट, अजून डोळ्यांसमोर आहे. हिरड्यांतून रक्त यायचं, दात हलायचे. वयानं होतं असं म्हणत राहिलो. हिरड्यांचा हा आजार म्हणजे न संपणारी सूज. जंतू हटत नाहीत, न्यूट्रोफिल येतच राहतात, आवरण्याचा निरोप पोचत नाही, आणि त्या धुमश्चक्रीत दाताभोवतीचं हाड झिजतं. सगळ्या दातांभोवतीची जखम एकत्र मांडली तर ती आठ ते वीस चौरस सेंटीमीटर भरते. एवढी जखम आईच्या पायाला असती तर आम्ही तिला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं.

या सुजेचा आणि मधुमेहाचा संबंध दोन्ही बाजूंनी आहे. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की इन्सुलिनचं काम अडतं. 2022 साली कोक्रेन या संशोधन-संस्थेनं जगभरच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा आकडा, टक्क्यांत मोजतात) सरासरी 0.43 नं उतरलेलं दिसलं. दात साफ करून घेऊन एवढं मिळतं, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

हृदयाचंही तसंच. धमनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल गिळून फुगलेले मॅक्रोफेज मरतात आणि त्यांना उपसायला मागून येणारे कमी पडतात. मेलेल्या पेशींचा तो चिखल आत साचतो, वरचं कवच पातळ होतं आणि एक दिवस फुटतं. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या कँटोस चाचणीत, आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांहून जास्त रुग्णांवर कॅनाकिन्युमॅब हे सूज दाबणारं इंजेक्शन वापरलं गेलं. कोलेस्टेरॉल तेवढंच राहिलं, तरी एका मात्रेवर पुन्हा अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकारानं मृत्यू यांचं प्रमाण सुमारे 15 टक्क्यांनी घटलं. पण जीवघेणे जंतुसंसर्गही थोडे वाढले. सूज दाबली की पहारेकरीही झोपतो. म्हणूनच जगभरचे संशोधक आता सूज दाबण्याऐवजी ती उतरवणाऱ्या निरोपांच्या मागे लागले आहेत.

इथं एक इशारा. ज्यांना आमवात आहे, दमा आहे, ज्यांचं स्टेरॉइड डॉक्टरांनी चालू केलं आहे, त्यांनी हे पत्र वाचून एकही गोळी स्वतःहून बंद करू नये. स्टेरॉइड एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. हृदयासाठीची अॅस्पिरिनही तशीच चालू ठेवावी. (अॅस्पिरिन बाकीच्या वेदनाशामकांपेक्षा वेगळी वागते, ती एका प्रकारचं लिपॉक्सिन बनवायला मदतच करते.) जवसाची चटणी आणि मासे ताटात असावेत, पण त्या जिवावर औषध सोडू नये. जवसातल्या ओमेगा-3 चा फार थोडा भाग शरीर उपयोगी रूपात बदलतं.

डायक्लोफिनॅक, डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही शेड्यूल एच मधली औषधं आहेत, चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी कापलेल्या पट्टीतून ती पोरांच्या खिशात जातात. औषध दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे की नाव कापलेली पट्टी कुणालाही देऊ नका. आणि बाजारातल्या पुड्यांकडे अन्न व औषध प्रशासनानं लक्ष घालावं.

दुसरी विनंती मंडळांना आणि तालमींना. आपल्या पेठांत आरोग्य शिबिरं होतात, तिथं वजन, बीपी, शुगर बघतात. तोंड उघडून कुणी हिरड्या बघत नाही. आमच्या गल्लीतल्या मंडळाकडे यंदाच्या गणेशोत्सवात मी दंतवैद्यांसाठी एक टेबल मागितलं आहे आणि ते तयार झाले आहेत. मिश्री लावणाऱ्या बायका शिबिरात स्वतःहून येत नाहीत, म्हणून आम्ही चौघी-पाचजणी त्यांना घरोघर जाऊन हाताला धरून आणणार आहोत. इतर मंडळांनी असं टेबल ठेवायचं ठरवलं तर त्यांची यादी आपण अंकात छापावी, म्हणजे कुठल्या गल्लीत कधी जायचं हे बायकांना कळेल.

आपली वाचक,
एक निवृत्त शास्त्र शिक्षिका,
शिवाजी पेठ, कोल्हापूर