लिंबावरच्या अळ्यांना मारू नकोस

ठाणे,
२४ मे

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

फोनवर एवढं सगळं नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायलाच बसलो. नेरूळला रो-हाऊस मिळालं आणि घराच्या पुढे-मागे स्वतःची माती मिळाली, याचा मला मनापासून आनंद झाला. पण माळ्याने दिलेली यादी वाचून जीव कासावीस झाला. लॉन, लाल मातीच्या गोण्या, युरिया आणि लिंबाच्या अळ्यांवर फवारा. अविनाश, यातलं काहीच आणू नकोस.

आधी त्या अळ्यांचं बोलू. तू पाठवलेल्या फोटोत पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काळं-पांढरं काहीतरी दिसतंय ना, तीच अळी. लहान असताना ती पक्ष्यांना फसवायला असं रूप घेते, मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते. काडीने हलकेच डिवचून बघ. डोक्यामागून लालसर, दोन टोकांचं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ही लिंबाच्या फुलपाखराची पोरं. आपल्या राज्याने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून मान दिलेलं निलवंतही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. लिंबू चांगलं उंच झालंय, चार पानं गेल्याने काही बिघडत नाही, नवी पालवी फुटतेच. दुसरं एखादं रोप अगदी लहान असेल तर त्यावरच्या अळ्या उचलून कढीपत्त्यावर सोड. शिवाय बुलबुल, शिंपी हे पक्षी पिल्लांना अळ्याच भरवतात. फवारा मारलास तर अळ्यांबरोबर मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, खाणारे ढालकिडेही मरतील, आणि मावा मात्र त्यांच्या आधी परत येईल. मावा फारच झाला तर पाण्याचा जोराचा झोत पुरतो. त्यानेही हटला नाही तरच संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर, कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात कालवून फक्त त्या फांदीवर मार.

लॉन नको म्हणतो ते पाण्यासाठी. उन्हाळाभर त्याला रोज पाणी पाजावं लागतं आणि बदल्यात फुलपाखराला त्यात काहीच मिळत नाही. त्या जागी पानफुटी, अडुळसा, तगर, एकेरी जास्वंद लाव. कोपऱ्यात एखादी रुई असू दे, तिच्यावरही फुलपाखरं वाढतात. जास्वंद भरगच्च पाकळ्यांची घेऊ नकोस. एकेरी फुलात शिंजीराला, म्हणजे फुलातला मध पिणाऱ्या इवल्या पक्ष्याला, मधापर्यंत सहज पोचता येतं. मुलांना घेऊन एकदा घोडबंदर रोडला ओवळेकर वाडीचं फुलपाखरू उद्यान बघून ये, कोणत्या झाडावर कोण येतं ते तिथे समोरच दिसतं.

लाल माती कुठल्या तरी डोंगराचा उतार खरवडूनच गोणीत येते. नेरूळची तुझी माती भरावाची, कडक असणार, हे मान्य. पण ती बदलायची नाही, तिला खायला घालायचं. समोरच्या बदामाचा पाचोळा झाडून गोण्या भरून बाहेर ठेवतात, काही ठिकाणी सरळ पेटवतात. बघून फार वाईट वाटतं. तो पाचोळा मागून घे. एका ड्रमला खाली-बाजूला भोकं पाड, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचा थर, त्यावर दुप्पट पाचोळा, वर थोडं जुनं खत किंवा आंबट ताक. वास आला तर समजायचं ओल जास्त झाली. आणखी पाचोळा घालून ढवळ. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नकोस, तीच काम करते. आपल्या हवेत दोन-तीन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत तयार होतं. उरलेला पाचोळा झाडांच्या बुडाशी पसर. पहिल्या सरींचा मारा उघड्या मातीवर बसला की चांगली माती वाहून जाते.

आणि ती जाते कुठे? गटारातून होल्डिंग पाँडमध्ये, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या तळ्यात, तिथून खाडीत. युरियाही तसाच जाणार. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ पासून आहे, २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही झालं. तुझ्या घरापासून ती खाडी कितीशी लांब आहे? मूठभर युरियाने तुझी बाग जरा जास्त हिरवी दिसेल, पण त्यासाठी खाडीला त्रास द्यावा असं मला वाटत नाही.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. एसीचं पाणी बादलीत धर, त्यात क्षार नसतात. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र कुंड्यांना रोज घालू नकोस, क्षार साठून पानांच्या कडा करपतात. ते फरशी धुवायला वापर. कुंड्यांखालच्या बशा पावसाळ्यात काढूनच टाक, डेंग्यूचे डास तेवढ्याशा पाण्यात होतात.

माळ्याला काढू नका, असं वहिनींना सांग. हात चांगला आहे त्याचा, फक्त त्याला आजवर सगळ्यांनी लॉनच मागितलंय. पुढच्या रविवारी मी येतो. पानफुटीची पानं, अडुळशाच्या काड्या आणि ड्रमसाठी तयार खत घेऊन येईन. तू तेवढ्यात पाचोळ्याच्या गोण्या जमवून ठेव आणि फवाऱ्याची बाटली घेतली असलीस तर दुकानात परत कर.

तुझा,
श्रीकांत