मी विचारलं तरी उत्तर देऊ नकोस

ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवा तू म्हणालीस, "असले विचार मनात आणूच नकोस." तुझा जीव तुटतो म्हणून म्हणालीस, हे कळतं गं. पण फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

हे विचार मी आणत नाही, ते येतात. बाळाला कडेवर घेऊन गॅलरीत उभी असते आणि एकदम मनात येतं, हातातून सोडलं तर? पोटात गोळा येतो. मी आत पळते, दार लावते, कडी चाचपते. पुन्हा चाचपते. क्षणभर बरं वाटतं, आणि विचार आणखी जोराने परत येतो.

याला ओसीडी म्हणतात, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येण्याचा आणि ते घालवायला तीच तीच कृती करत राहण्याचा आजार. इथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की 1978 मध्ये लंडनच्या रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी तपासलं, तर आजार नसलेल्या बहुतेकांच्याही मनात असले भलतेसलते विचार येऊन जात होते. ऐकून मला रडूच फुटलं. ते लोक विचार सोडून देतात. मला मात्र तो माझ्या स्वभावाचा पुरावा वाटतो. खरं तर बाळावर इतका जीव आहे, म्हणूनच तो विचार मला एवढा छळतो.

आणि दाबून तो जात नाही. अमेरिकेत वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या.

म्हणून उपचार उलटा आहे. बाळाला घेऊन गॅलरीत जायचं, विचार आला तर येऊ द्यायचा, आणि कडी तपासायची नाही. फार कठीण जातं. छाती धडधडते, हाताला घाम सुटतो, तरी तिथेच उभं राहायचं. गोळ्याही चालू आहेत. त्यांचा पुरता गुण यायला दहा-बारा आठवडे लागू शकतात, तेव्हा "बंद कधी करणार?" असं आत्ताच विचारू नका.

आता तुझं काम. मी प्रत्येक फोनवर विचारते, "मी वाईट आई नाही ना गं?" आणि तू म्हणतेस, "नाही गं बाळा." तुझं ते उत्तर म्हणजे माझं कडी चाचपणंच आहे. यापुढे म्हण, "हे तुझा आजार विचारतोय, मी उत्तर देणार नाही, पण तुझ्याशी बोलत बसते." मी चिडेन, कदाचित फोन ठेवीन. तरी विरघळू नकोस.

फक्त जगावंसं वाटत नाही असं कधी म्हणाले, तर ते असं सोडू नकोस. तेव्हा लगेच तुझ्या जावयाला फोन कर.

बाबांनाही हे वाचून दाखव. "आपलं काही चुकलं का?" असं ते विचारतील. त्यांना सांग, हा कुणाच्या वळणाचा दोष नाही, आजार आहे. रविवारी फोन करते, तेव्हापासूनच सुरू करू या.

तुझी,
ताई