भागधारक कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला 'एका छताखाली' हा लेख वाचता वाचता चहा गार झाला. अपघाताची भरपाई आणि कारखान्यांची सुरक्षा एकाच यंत्रणेकडे द्यावी, त्याआधी 'भागधारकांशी' चर्चा करावी, असे लेखक म्हणतात. ज्याच्याकडे कंपनीचे शेअर असतात तो भागधारक, असे आम्ही शाळेत शिकलो. पण उजव्या तर्जनीची दोन पेरे पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली गेल्यामुळे अंगाचा एक भाग मीही या धंद्यात घातला आहे. तेव्हा मलाही विचारायला हरकत नसावी.

१९८७ साली बडोद्याच्या मकरपुऱ्यात आम्ही चौदाजण पॉवर प्रेसवर होतो. गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून मशीनला लावायचा आडोसा, लावला की माल कमी निघतो, म्हणून तो बाकड्याखाली पडलेला असे. कारखाना तपासणारे सरकारी सुरक्षेचे साहेब यायच्या दिवशी सकाळी चढे, त्यांचा चहा झाला की उतरे. साहेबांच्या कागदावर 'गार्ड बसवलेला आहे'. माझे बोट गेल्यावर शेठनी भरपाईच्या कचेरीत तोच कागद पुढे केला. म्हणे गार्ड होता, यानेच मुद्दाम काढला! जीव गेला नसेल किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला नसेल, तर कायद्यात मालकाला ही पळवाट आहे. नशीब, भरपाईचे साहेब दुसऱ्या खात्याचे. त्या कागदाची अब्रू राखायची त्यांना गरज नव्हती. त्यांनी माझ्या जोडीदाराला बोलावून विचारले, गार्डवर गंज किती होता? कमाईची किती ताकद गेली हे कायद्याच्या परिशिष्टात टक्क्यांत लिहिलेले असते, त्यातले दोन पेरांचे ११ टक्के मला मिळाले. (अख्ख्या तर्जनीचे १४. पेरापेराचा भाव ठरलेला आहे.)

आता या दोन साहेबांना एकाच टेबलावर बसवा म्हणता. मग सुरक्षेच्या साहेबांचा कागद खोटा कोण ठरवणार?

लेखात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा दाखला आहे. तिथे एकच संस्था, मान्य. पण माझा मुलगा टोरांटोला असतो, तिकडची गोष्ट उलटी आहे. २००९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तिथे टांगती परांची कोसळून चार कामगार गेले. मग समिती नेमली, तिच्यात मालकांची आणि कामगारांचीही माणसे होती. २०१२ मध्ये टोरांटोच्या प्रांताने, ओंटारिओने, अपघात टाळण्याचे काम भरपाई मंडळाकडून काढून श्रम मंत्रालयाला दिले. आपल्याकडे २९ कामगार कायद्यांच्या चार संहिता झाल्या, त्या जुलै २०१५ नंतर भारतीय श्रम परिषद (सरकार, मालक आणि कामगार यांची एकत्र बैठक) एकदाही न भरवता मंजूर केल्या. त्यांत विजेवर चालणारा कारखाना म्हणायला किमान वीस माणसे लागतात. म्हणजे आम्ही चौदाजण आज असतो, तर बोट गेलेच असते, कारखाना मात्र नसता.

जाता जाता, लेखासोबतच्या फोटोत एक हसरा कामगार हातमोजे घालून ड्रिल मशीनवर उभा आहे. फिरत्या ड्रिलमध्ये मोजा अडकला की हात आत जातो, हे आयटीआयच्या पोरालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात. फोटो निवडताना तरी एखाद्या फिटरला विचारत जा.

आपला,
एक निवृत्त प्रेस ऑपरेटर
दांडिया बाजार, बडोदे