स्फटिकाची वीज आणि तापमान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमिनो आम्लांच्या स्फटिकांपासून वीज मिळवण्यावरचा लेख आपल्या विज्ञान पानावर वाचला. हा विषय घेतल्याबद्दल मनापासून आभार. मात्र ‘तापवले की या स्फटिकांतली वीज नाहीशी होते’ हे त्यातले वाक्य मला खटकले. मी 31 वर्षे पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या घटना मिसळल्या आहेत.

पहिली ग्लायसीन या अमिनो आम्लाची. ते पाण्यात विरघळवून सावकाश सुकू दिले की बहुधा अल्फा रूप मिळते. त्यात रेणू जोडीजोडीने उलटसुलट बसतात, एकाची ध्रुवता (एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण भार असणे) दुसरा पुसतो. असा स्फटिक कितीही दाबा, वीज मिळत नाही. गॅमा रूपात रेणू एका अक्षाभोवती मळसूत्रासारखे वळत जातात, तिथे ध्रुवता उरते. हा गॅमा साधारण 165 अंश सेल्सिअसच्या पुढे तापवला की अल्फा होतो. खोलीच्या तापमानाला खरे तर गॅमाच अधिक स्थिर, पण कोरड्या घनात रेणूंना जुनी मांडणी पुन्हा जमवता येत नाही. निवल्यावरही तो अल्फाच राहतो.

दुसरी ट्रायग्लायसीन सल्फेटची. त्याचा फेरोइलेक्ट्रिक गुण, म्हणजे स्वतःची ध्रुवता असणे आणि बाहेरून विद्युत दाब देऊन ती उलटवता येणे, 1956 मध्ये कळला. विद्यार्थ्यांसाठी तो मीच वाढवत असे: ग्लायसीनचे तीन मोल, सल्फ्युरिक आम्लाचा एक, पाणी आणि कित्येक दिवस न हलवलेले भांडे. पाते लावून हलकेच ठोकले की स्फटिक एका पातळीत सरळ चिरतो, आणि ध्रुवता नेमकी त्या पातळीला लंब असते. दोन्ही बाजूंना चांदीचा लेप दिला की मोजमाप सुरू. तापवत गेलो की धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) आधी रेंगाळत, मग झपाट्याने चढते आणि 49 अंशांपाशी शिखर गाठते. त्यापुढे स्वतःची ध्रुवता उरत नाही. खाली आणले की ती परत येते! फक्त स्फटिकाचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या दिशा धरतात. म्हणून अवरक्त किरण टिपणाऱ्या साधनांतल्या अशा स्फटिकात थोडे एल-ॲलनीन, हेही एक अमिनो आम्लच, मिसळतात. ते दिशा एकच राखते.

एका वर्षी एका तुकडीला हे शिखर तापवताना 53 ला आणि निववताना 46 ला मिळाले. स्फटिक बिघडला, असे त्यांनी वहीत लिहिलेही. थर्मामीटर ओव्हनमधल्या हवेत टांगलेला होता आणि तापमान मिनिटाला दोन अंशांनी बदलत होते. हवा पुढे, स्फटिक मागे. तापमापक तार स्फटिकाला टेकवली, वेग अर्ध्या अंशावर आणला, तेव्हा दोन्ही वेळा 49 च्याच आसपास शिखर आले.

तेव्हा विनंती अशी की, अशा लेखात स्फटिकाचे रूप, मोजणीचे तापमान, आणि मोजणी तापवताना केली की निववताना, हे जरूर छापावे. वरच्या वाक्याची दुरुस्तीही द्यावी. त्या तुकडीचे दोन्ही आलेख मी जपून ठेवले आहेत. छापणार असाल तर लगेच पाठवतो.

कळावे,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक