माझ्या धर्माचा आडोसा घेऊ नका : कायदामंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय कायदामंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जाचे काय झाले हे विचारायला, अशा बायकांच्या मदतीसाठी सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेले होते. फाईल न उघडताच ते म्हणाले, "तुम्ही ख्रिश्चन ना? तुमच्यात घटस्फोट चालत नाही. आधी फादरांना भेटा." आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, फादर नसतात, पाळक असतात. त्यांच्याकडे मी केव्हाच जाऊन आले होते. त्यांनी सत्तर वेळा सात क्षमा करायला सांगितली, प्रार्थना केली आणि मला परत नांदायला धाडले. त्याच आठवड्यात माझ्या डाव्या कानाचा पडदा फाटला. दवाखान्यात मी मोरीत घसरून पडले असे सांगितले, कारण नवरा शेजारीच उभा होता. हे सगळे अर्जात लिहिले आहे. तो कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहिते.

पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मीही वाचते, साहेब. देवाला सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाचा, तिटकारा आहे हे मलाखी संदेष्ट्याचे वचन लग्न झाल्यापासून मला ऐकवले गेले. त्याच वचनात बायकोवर जुलूम करणाऱ्याचाही धिक्कार आहे, तो भाग उपासनेत कधी कानावर आला नाही. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात तर दासी म्हणून आणलेल्या बायकोचेही अन्न, वस्त्र किंवा वैवाहिक हक्क तोडले, तर तिने काही न देता मोकळे व्हावे असे आहे. येशूने झापले ते वाटेल त्या कारणाने बायको टाकू पाहणाऱ्या पुरुषांना. मार खाल्लेल्या बाईला त्याने परत त्याच घरात पाठवले, अशी एक ओळ मला कोणी दाखवावी. कॅथलिक चर्चच्या कायद्यातही, कलम ११५३ पाहा, जिवाला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळे राहता येते. मग हे "चालत नाही" आले कुठून?

तुमच्या कायद्यातून. ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. बायकोला मात्र नुसती मारहाण सांगून भागत नव्हते, व्यभिचारही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली ही अट मोडीत काढली. संसदेला जाग यायला २००१ उजाडले. १३२ वर्षे बायका कुणाच्या भरवशावर मार खात होत्या? तेव्हाही कलम १०अ मध्ये संमतीच्या घटस्फोटाआधी दोन वर्षे वेगळे राहण्याची अट घातलीत. हिंदू विवाह कायद्यात एक वर्ष, विशेष विवाह कायद्यातही एकच. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती दोनाची एक केली आणि २०२२ मध्ये तीही घटनाबाह्य ठरवली. तुमच्या पुस्तकात छापील दोन वर्षे तशीच. आमच्या मानेवरचे जोखड एका वर्षाने जास्त का, याचे उत्तर कोणत्या सरकारने दिले?

माझा नवरा तर संमतीही देत नाही. म्हणून क्रूरतेचा दावा, म्हणून तारखा. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा म्हणतो, अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. माझ्या अर्जाने दुसरा नाताळ पाहिला. आमच्या तालुक्यातल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे आणखी दोन खात्यांचे काम आहे, त्यांना माझा चेहराही आठवत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की देशात लग्न झालेल्या दहा बायकांपैकी जवळजवळ तिघींनी नवऱ्याचा हिंसाचार सोसला आहे. त्या सगळ्या काही ख्रिस्ती नाहीत. बाई दारात आली की तिला कुठे ढकलायचे तेवढे तुमची यंत्रणा शोधते. कुणाला जातपंचायत, कुणाला माहेर, मला चर्च. मते मागायला येताना मात्र तुम्ही थेट आमच्या दारात येता, तेव्हा पाळकांची चिठ्ठी लागत नाही.

कलम १०अ मधली दोन वर्षे काढून टाका. प्रत्येक तालुक्याला दुसरे कोणतेही काम नसलेला संरक्षण अधिकारी द्या, आणि बाईला धर्मगुरूकडे परत पाठवणे हा कर्तव्यात कसूर समजला जाईल असे लेखी आदेश काढायला राज्यांना सांगा. उत्तर मंडळीमार्फत नको. माझ्या नावाने, माझ्या माहेरच्या पत्त्यावर पाठवा.

आपली,
एक ख्रिस्ती नागरिक,
अहिल्यानगर जिल्हा